आयनॅचरलिस्टवरील ‘फॉलो’ची सोय : कोकण किनाऱ्यावरील वापरातून एक परीक्षण

आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोणत्याही सदस्याच्या पानावर जाऊन ‘फॉलो’चे बटण दाबले, की त्या व्यक्तीने यापुढे टाकलेल्या नोंदी आपल्या डॅशबोर्डवर, म्हणजे खात्याच्या मुख्य पानावर, येऊ लागतात. त्यासाठी समोरच्याची परवानगी लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांत फिरून समुद्री जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही सोय कितपत उपयोगी पडते, तिच्यामुळे काय बिघडते आणि अनेकांच्या हातभारातून उभ्या राहणाऱ्या संकेतस्थळांनी ती द्यावी की नाही, एवढ्याच प्रश्नांपुरते हे परीक्षण आहे. ॲपचा वेग, छायाचित्रे चढवताना येणाऱ्या अडचणी किंवा संगणक सुचवतो त्या नावांचा खरेखोटेपणा हे विषय मी येथे घेतलेले नाहीत. माझे मत आधीच सांगते. ही सोय असावी. पण आज ती ज्या स्वरूपात आहे त्यात फॉलो करणाऱ्याचा जेवढा विचार झाला आहे तेवढा ज्याला फॉलो केले जाते त्याचा झालेला नाही, आणि कोकणासारख्या अरुंद किनारपट्टीवर त्याचे परिणाम प्रत्यक्ष जाणवतात.

ज्यांनी हे संकेतस्थळ वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून २००८ मध्ये ते सुरू केले. २०१४ मध्ये ते कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसकडे आले आणि २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. सदस्य एखाद्या जीवाचे छायाचित्र ठिकाण आणि वेळेसह टाकतो व इतर सदस्य त्याची ओळख सांगतात. प्रजातीच्या पातळीवर किमान दोघांचे, आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाले, की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ ठरते. तिचा परवाना अनुकूल असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता भांडारात जाते आणि अभ्यासकांच्या हाती पडते. वापर विनामूल्य आहे.

आता मूळ मुद्दा. फॉलोचा सर्वांत मोठा लाभ हा, की त्यातून दुसऱ्याची पाहण्याची पद्धत शिकता येते. एखाद्या प्रजातीचे पान उघडले तर निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या ठिकाणी काढलेली छायाचित्रे एकत्र दिसतात, त्यातून प्रजाती कळते. पण ती शोधायची कशी, दगडाच्या कोणत्या बाजूला पाहायचे, छायाचित्रात कोणता भाग यायलाच हवा, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी एका जाणत्या माणसाच्या नोंदी क्रमाने पाहाव्या लागतात. आमच्या किनाऱ्यावर खेकड्यांच्या नोंदी करणारे बहुतेक नवखे लोक खेकडा दगडावर बसलेला असताना वरून एकच छायाचित्र काढतात, आणि अशी नोंद ‘खेकडे’ एवढ्या मोघम नावाखाली वर्षानुवर्षे पडून राहते. सिंधुदुर्गातील ज्या सदस्याला मी फॉलो करते, त्यांच्या प्रत्येक खेकड्याच्या नोंदीत चार-पाच छायाचित्रे असतात. पहिले पाठीचे, दुसरे दोन डोळ्यांच्या मधल्या कडेचे, तिसरे नांग्यांच्या टोकांचे आणि शेवटचे उलट्या बाजूचे, ज्यात पोटाला चिकटलेला पट्टा स्पष्ट दिसतो. हा पट्टा नरात अरुंद आणि मादीत रुंद असतो, हे पुस्तकात वाचलेले होते. पण खेकडा न दुखावता हातात कसा धरायचा, चिखल लागलेला असेल तर तिथल्याच डबक्यातल्या पाण्याने कसा धुऊन घ्यायचा, छायाचित्र झाल्यावर दगड होता तसा पालथा घालून त्याच कपारीशी जीव कसा सोडायचा, हे त्यांच्या नोंदींखालच्या बारीक टिपांतून शिकायला मिळाले. त्यांनी हे कोणाला शिकवायला म्हणून लिहिलेले नाही. स्वतःच्या कामाची टिपणे म्हणूनच ते लिहितात, आणि फॉलोच्या सोयीमुळे ती आपल्यासमोर येत राहतात.

कोकणात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण येथील समुद्री जीवांचे ज्ञान मोजक्या माणसांपाशी आहे. रापण ओढणाऱ्यांना, खडकावरची कालवे फोडणाऱ्या बायकांना, खाडीत तिसऱ्या गोळा करणाऱ्यांना किनाऱ्याची जी माहिती असते ती छापील स्वरूपात फारच थोडी आली आहे. त्यांच्यातली किंवा त्यांच्या घरातली तरुण मुले मोबाइलवरून नोंदी टाकू लागतात तेव्हा प्रथमच ही माहिती दूरच्या अभ्यासकापर्यंत ठिकाण-वेळेसह पोहोचते. अशा मुलाला कोणी फॉलो केले, त्याच्या नोंदींवर कोणी नियमाने येऊन ओळख सांगितली, की त्याचा हुरूप टिकतो. नाही तर पहिल्या पावसाळ्यात समुद्र बंद झाल्यावर सुटलेला हा नाद पुन्हा लागत नाही. नव्या सदस्याच्या नोंदी कोणाच्या तरी नजरेस पडत राहणे, ही या सोयीची दुसरी जमेची बाजू आहे, आणि माझ्या मते ती पहिलीइतकीच मोठी आहे.

मात्र येथेच तिची एक उणीव लक्षात येते. फॉलो केल्यावर आपल्यापर्यंत पोहोचतात ती मुख्यतः त्या व्यक्तीची स्वतःची निरीक्षणे आणि तिने रोजनिशीत लिहिलेले लेख. त्या व्यक्तीने इतरांच्या नोंदींवर दिलेल्या ओळखी या प्रवाहात येत नाहीत. आयनॅचरलिस्टचा खरा कणा तर ओळख देणारेच आहेत. असे अनेक जाणकार आहेत जे स्वतः फारशी छायाचित्रे टाकत नाहीत, पण रोज संध्याकाळी बसून इतरांच्या शेकडो नोंदी तपासतात आणि एखादे नाव का चुकले ते दोन ओळींत सांगतात. अशा माणसाला फॉलो केले तर डॅशबोर्ड जवळजवळ कोराच राहतो. त्याच्या ओळखींचे स्वतंत्र पान सदस्यनाव घालून उघडता येते आणि ते सर्वांना खुले आहे, पण तिथे आपण आठवणीने जावे लागते. शिकण्यासाठी जी गोष्ट सर्वांत उपयोगाची, तीच फॉलोमध्ये नसावी याचे मला वाईट वाटते.

दुसरी अडचण एकमताची आहे. ओळखीवर दोघांचे एकमत पुरते, आणि त्या दोघांत नोंद करणारा स्वतःही धरला जातो. त्यामुळे एकमेकांना फॉलो करणारा एखादा गट, उदाहरणार्थ एकाच महाविद्यालयातील मुले, एकमेकांच्या नोंदी डॅशबोर्डवर दिसल्या की आपुलकीने ‘सहमत’ दाबत गेला, तर चुकीच्या नावाच्या नोंदीही ‘रिसर्च ग्रेड’ होऊन जीबीआयएफपर्यंत जातात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. मित्राने टाकलेले नाव बरोबर असेल असे वाटणे माणसाच्या स्वभावात आहे. शिक्षकाने टाकले असेल तर ते चूक ठरवण्याचा धीर विद्यार्थ्याला होत नाही. खडकाळ किनाऱ्यावरील शंखांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहते. एकाच खडकावर शेजारी शेजारी राहणाऱ्या, वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन प्रजाती एकाच नावाखाली जातात, आणि मग नंतर येणाऱ्या जाणकाराला एका नोंदीसाठी दोघा-तिघांचे मत फिरवावे लागते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने व्यक्तींना फॉलो करण्याची सोय ठेवली नाही. तेथे प्रश्न फॉलो करता येतो, आणि एकाच सदस्याच्या उत्तरांना कोणी ओळीने मते देत सुटला तर ती मते यंत्रणाच रद्द करते. मत उत्तराला द्यायचे, माणसाला नव्हे, हा त्यामागचा विचार आहे. आयनॅचरलिस्टने ओळखीच्या बाबतीत इतके कडक व्हावे असे मी म्हणणार नाही, पण फॉलोच्या प्रवाहातून थेट ‘सहमत’पर्यंत जाण्याची वाट थोडी लांब केली तर नोंदींचा दर्जा सुधारेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे परीक्षण मुख्यतः लिहिते आहे तिकडे वळते. विकिपीडियावरचा सदस्य लेख लिहितो तेव्हा तो कोठे बसून लिहितो हे वाचकाला कळत नाही. आयनॅचरलिस्टवरचा सदस्य नोंद टाकतो तेव्हा तो कोठे उभा होता आणि किती वाजता उभा होता, हेच नोंदीचे सार असते. म्हणून येथे एखाद्याला फॉलो करणे म्हणजे बऱ्याच अंशी त्याच्या फिरण्याला फॉलो करणे होय. शहरातल्या बागेत पक्षी पाहणाऱ्याच्या बाबतीत याचा फारसा त्रास होणार नाही. किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जाणाऱ्या बाईच्या बाबतीत होऊ शकतो, आणि त्याचे कारण समुद्रच आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खडक सर्वांत जास्त उघडे पडतात. त्या दिवसांत आमच्या भागात ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसे हटत नाही, त्यामुळे नोंदी करणारा माणूस सहसा जात नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी माणसे कोकणात घरोघर आहेत, आणि आता वेळापत्रके मोबाइलवरही मिळतात. म्हणजे ‘केव्हा’ हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असते. फॉलोमुळे ‘कोण’ आणि ‘कोठे’ या दोन गोष्टी त्याला येऊन मिळतात, आणि मग पुढच्या अमावास्येला पहाटे कोणती मुलगी कोणत्या खडकावर एकटी असेल याचा अंदाज करायला कसलेच कौशल्य लागत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे दिले जाते, की सगळ्या नोंदी तशाही सार्वजनिक असतात. शोधपानावर सदस्यनाव टाकले की कोणालाही सर्व काही दिसते, मग फॉलोनेच असे काय बिघडते? हे उत्तर मला पटत नाही. पुस्तकालयात ठेवलेली वही कोणीही उघडून पाहू शकतो हे एक, आणि तिचे प्रत्येक नवे पान रोज सकाळी कोणाच्या तरी दारात पडते हे दुसरे. पहिल्यात पाहणाऱ्याला दर वेळी ठरवून जावे लागते, आणि बहुतेक लोक दोन-तीन वेळांनंतर कंटाळतात. दुसऱ्यात त्याला काहीच करावे लागत नाही. गैरहेतू असलेल्या माणसाला पहिल्या वाटेनेही रोखता येत नाही हे खरे, पण एखाद्याचे कुतूहल हळूहळू पाळतीत बदलते ते सहसा दुसऱ्या वाटेने.

संकेतस्थळाने याचा काहीच विचार केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदीचे ठिकाण ‘धूसर’ ठेवता येते. तसे केले की खरे ठिकाण लपते आणि ०.२ अंश अक्षांश व ०.२ अंश रेखांश एवढ्या चौकोनात कोठेही एक यादृच्छिक बिंदू दाखवला जातो. धोक्यात असलेल्या अनेक प्रजातींच्या बाबतीत हे आपोआप होते. आपल्या अक्षांशावर हा चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे २२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २१ किलोमीटर भरतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पहिल्या पावसानंतर फुलणाऱ्या दीपकाडीसारख्या कोकणापुरत्याच मर्यादित वनस्पतीला, किंवा आडरानातल्या खवले मांजराला, एवढे आवरण पुरेसे आहे. किनाऱ्यावरच्या जीवाला ते पुरत नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्यापासून पावस गावापर्यंतचा किनारा ज्या चौकोनात येतो, त्याचा पश्चिमेकडचा बराच भाग अरबी समुद्रात आहे. धूसर केलेला बिंदू कधी खोल पाण्यात पडतो, कधी आत डोंगरात. पण नोंद जर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जीवाची असेल, तर तो जीव पाण्यात वीस वावांवर किंवा आंब्याच्या कलमांत सापडलेला नाही हे पाहणाऱ्याला कळतेच. मग चौकोनाचे क्षेत्रफळ कितीही असो, उरते ती त्यातून जाणारी किनाऱ्याची रेघ, आणि त्या रेघेवर खडकाळ जागा मोजक्याच असतात. जमिनीवर शेकडो चौरस किलोमीटर लपवणारी सोय किनाऱ्यावर अशी चार-पाच ठिकाणांवर येऊन थांबते, आणि त्यांतले कोणते हे त्या सदस्याच्या जुन्या नोंदी पाहिल्या की उरलेले कोडेही सुटते. याचे गणित अवघड नाही, तरी किनाऱ्यावर काम करणाऱ्या अनेकांच्या ते ध्यानात आलेले नसते.

जुन्या काळी याहून मोठे छिद्र होते. एखादी नोंद धूसर असली तरी तिची तारीख आणि वेळ उघडी असे. त्यामुळे एखाद्या सदस्याने सकाळी सात वाजता आरे-वारेला खेकडा, साडेसातला धूसर ठिकाणी काहीतरी दुर्मीळ, आणि आठ वाजता पुन्हा आरे-वारेलाच शंख अशी नोंद टाकली, की मधली नोंद कोठली हे आपोआप कळत असे. २०२० मध्ये हे बुजवण्यात आले. आता धूसर नोंदीची नेमकी तारीख इतरांना दिसत नाही, फक्त महिना आणि वर्ष दिसते. त्याच सुमारास आणखी एक चांगली गोष्ट आली. ज्यांना आपण फॉलो करतो त्यांच्यापैकी निवडक व्यक्तींना आपली खरी ठिकाणे पाहण्याचा विश्वास देता येतो, आणि हा विश्वास ज्याच्या नोंदी आहेत तोच देऊ शकतो. कासवांच्या घरट्यांवर काम करणाऱ्यांना याचे मोल लगेच कळेल. वेळास, आंजर्ले आणि दक्षिणेकडच्या इतर किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. घरट्याची नेमकी जागा वनखात्याच्या माणसाला आणि गावातल्या कासवमित्राला कळावी, इतर कोणाला कळू नये, ही गरज या सोयीने नेमकी भागते.

याच ठिकाणी माझी मुख्य तक्रार उभी राहते. ठिकाण कोणाला दाखवायचे हे ठरवण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याला दिला, तर आपला माग कोणी ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याला का नसावा? फॉलो करणाऱ्याला थांबवायचे असेल तर आज एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे त्याला ब्लॉक करणे. ब्लॉक केलेला सदस्य फॉलो करू शकत नाही, आपल्या नोंदींवर टिप्पणी किंवा ओळख देऊ शकत नाही. पण स्वतःहून फक्त तिघांनाच ब्लॉक करता येते. त्याहून अधिक हवे असतील तर संकेतस्थळाच्या चालकांना लिहावे लागते. ही मर्यादा का आहे ते समजते. ओळख देणाऱ्या जाणकारांना कोणी केवळ मतभेदावरून दूर ठेवू लागले तर माहितीचा दर्जा घसरेल. मात्र मतभेद थांबवण्यासाठी ब्लॉक करणे आणि पाळत थांबवण्यासाठी फॉलो नाकारणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसऱ्या गरजेसाठी एक साधे बटण पुरेल, ज्याने फॉलो करणारा यादीतून वगळला जाईल, तरी एखाद्या नोंदीवर येऊन नाव सुचवायला त्याला मोकळीक राहील. मूक करण्याची सोय आहे, पण तिने फक्त आपल्याला त्याच्या सूचना येणे बंद होते. त्याला आपले दिसायचे ते दिसतच राहते.

विकिपीडियाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे आणि तिच्याशी तुलना करणे उपयोगाचे ठरेल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आणि पहिल्यापासून तेथे निरीक्षणसूची आहे ती लेखांची. गुहागर, वेंगुर्ले किंवा विजयदुर्ग या लेखांत कोणी बदल केला तर तो आपल्याला दिसतो. पण अमुक सदस्याने आज काय काय केले याची सूची आपल्या डॅशबोर्डवर आपोआप येत नाही. सदस्याच्या योगदानाचे पान मात्र सर्वांना उघडे असते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या २०१५ च्या इच्छा-सर्वेक्षणात सदस्यांची निरीक्षणसूची मिळावी अशी मागणी पुढे आली होती, आणि छळासाठी तिचा गैरवापर होईल या काळजीने ती बाजूला ठेवली गेली. इंग्रजी विकिपीडियावर एखाद्याच्या मागे लागून तो जाईल त्या लेखावर जाऊन त्याला त्रास देणे हे नियमाने निषिद्ध आहे, तरी लेखांची मुद्दाम केलेली नासधूस किंवा प्रताधिकारभंग दुरुस्त करण्यासाठी एखाद्याचे योगदान तपासणे योग्यच मानले जाते. ही रेघ शहाणपणाने आखलेली आहे. आपुलकी व्यक्त करण्यासाठी २०१३ पासून तेथे एखाद्या बदलाबद्दल सदस्याला धन्यवाद देता येतात. कोणी कोणाला धन्यवाद दिले हे नोंदले जाते, पण कोणत्या बदलाबद्दल ते जाहीर होत नाही. तरीही मला वाटते की विकिपीडियाने फॉलो पूर्णच टाळल्याने काहीतरी गमावले आहे. मराठीत कोकणातल्या नद्यांवर किंवा बंदरांवर मनापासून लिहिणारा एखादा नवा सदस्य येतो, आठ-दहा लेख लिहितो आणि कोणी दखल न घेतल्याने निघून जातो; त्याला हेरून हाताशी धरण्याचे साधन जुन्या सदस्यांपाशी नसते.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा या दोघांच्या मध्ये आहे, आणि तिथला एक गुण मला फार आवडतो. सदस्याच्या डॅशबोर्डवर त्याने जोडून घेतलेल्या सदस्यांचे बदल दिसतात, आणि त्याने आपले ठिकाण दिलेले असेल तर आजूबाजूच्या सदस्यांचे बदलही वेगळे दिसतात. वाडीतली पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, शेजारच्या गावातल्या कोणी उपग्रहचित्रावरून गाडीचा रस्ता म्हणून काढली असेल, तर जवळच्या माणसाच्या ते चटकन लक्षात येते; त्याला कोणाच्या मागावर राहावे लागत नाही. जवळीक माणसाची न धरता जागेची धरली, की पाळतीचा प्रश्न बराच सौम्य होतो आणि शेजारधर्म मात्र टिकतो.

आयनॅचरलिस्टवर याला समांतर सोय आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. प्रजाती, ठिकाण, किंवा ‘या ठिकाणची ही प्रजाती’ यांची वर्गणी घेता येते. ‘रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्री गोगलगायी’ किंवा ‘सिंधुदुर्गातील प्रवाळ’ अशी वर्गणी घेतली, की कोणीही टाकलेली तशी प्रत्येक नवी नोंद आपल्याला कळते. यात नवख्या मुलाची पहिली नोंदही येते आणि नामवंत छायाचित्रकाराचीही, आणि कोणा एका माणसाचा माग राहत नाही. माझ्या अनुभवात नव्या सदस्यांना मदत करण्यासाठी हीच वाट अधिक न्याय्य आहे, कारण फॉलोच्या प्रवाहात तेच तेच परिचित लोक राहतात आणि काल खाते उघडलेला सदस्य त्यात कधीच येत नाही.

या सगळ्याचा विचार करून, सहभागी संकेतस्थळांनी ही सोय कोणत्या अटींवर द्यावी याबद्दल माझ्या काही ठाम अपेक्षा आहेत. पहिली अट संमतीची. खाते उघडताना फॉलो सर्वांना खुले, विचारून खुले, की बंद, हे सदस्याने स्वतः निवडावे, आणि नंतर केव्हाही ते बदलता यावे. दुसरी अट उशिराची. जेथे नोंदीला ठिकाण आणि वेळ जोडलेली असते तेथे ती फॉलो करणाऱ्यांपर्यंत काही दिवसांनी पोहोचावी. एखाद्या खेकड्याची नोंद आठवड्याने वाचली म्हणून शिकण्यात काही कमी पडत नाही. माणूस ज्या क्षणी किनाऱ्यावर आहे त्या क्षणी ते जगाला कळण्याची गरज कोणत्याही अभ्यासाला नाही. याशिवाय ओळख देणाऱ्यांच्या ओळखी, त्यांनी दिलेल्या कारणांसह, फॉलोमध्ये आणाव्यात, कारण त्यांत ठिकाणाचा धोका जवळजवळ नाही आणि शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे. अनुयायांच्या याद्या प्रत्येकाच्या पानावर जाहीर दाखवण्यात काय साधते हे मला कळत नाही. बातम्यांना मते देण्याच्या डिग या संकेतस्थळाने २००७ मध्येच आघाडीच्या सदस्यांची यादी काढून टाकली होती, आणि आकड्यांच्या मागे लागलेले सदस्य कामाकडे कसे पाहू लागतात याचा अनुभव तेव्हापासून पुष्कळांना आला आहे.

तोपर्यंत या मोसमात किनाऱ्यावर नोंदी सुरू करणाऱ्या, विशेषतः एकट्याने किंवा दोघी-दोघींनी जाणाऱ्या मुलींना माझे सांगणे असे, की ही सोय वापरावी, पण सेटिंग बदलून वापरावी. खात्यावर खरे पूर्ण नाव आणि छायाचित्र देण्याची सक्ती नाही. नोंदी त्याच दिवशी न चढवता पुढच्या भांगापर्यंत साठवून एकत्र चढवाव्यात. नोंदीतील वेळ खरीच राहते, शास्त्रीय उपयोगाला काही बाधा येत नाही, आणि पुढच्या उधाणाला आपण कोठे जाणार याचा ताजा माग कोणाला मिळत नाही. एखाद्या खडकावर नेहमी जाणे होत असेल तर फक्त दुर्मीळ नोंद धूसर करून भागत नाही, त्या फेरीतल्या सगळ्याच नोंदी धूसर कराव्यात, आणि खरी ठिकाणे ज्यांना कळायला हवीत अशा एक-दोन अभ्यासकांना विश्वासाच्या यादीत घ्यावे. ज्यांच्याकडून शिकायचे आहे त्यांना जरूर फॉलो करावे, आणि त्यांच्या एखाद्या नोंदीखाली दोन ओळी लिहून तसे कळवावे. सिंधुदुर्गातील त्या सदस्यांना मी कळवले, तेव्हापासून ते आपल्या टिपा मराठीतही लिहू लागले आहेत.